अष्टमीचा कालवा

शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६. कार्तिक शुद्ध सप्तमी.

बेचाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. माझे स्वतःचे नाव मात्र एकदाही छापून आले नाही. तो योग एकाहत्तराव्या वर्षी येणार, असे दिसते. पंतनगरातील आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षे पूर्ण होत असून जानेवारीअखेर स्मरणिका निघणार आहे. कार्यवाह भाऊराव सायंकाळी घरी येऊन म्हणाले, "तळवडेकर, खारबंदरच्या जुन्या कालव्यावर तुम्ही लिहा. प्रकाशनाच्या दिवशी लोकांना काठाकाठाने फिरवूनही आणा."

घाटकोपरच्या पूर्वेस, मिठागरांपलीकडे, खारबंदर नावाचे गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी ते खरोखरीचे बंदर होते. मिठाच्या व्यापाऱ्यांनी पावणेदोन मैलांचा कालवा खणला होता आणि खाडीतले मचवे त्यातून थेट जकातघराच्या दगडी पायऱ्यांना लागत. आज पायऱ्या आहेत, कमानीचा पूल आहे, जकातघराच्या तीन भिंती आहेत, बंदर नाही.

वाटाड्या हवा होता. सूनबाई विमला म्हणाली, "आपली सगुणा आहे ना, मासेवाली? ती तिथलीच. तिच्या नवऱ्याला सांगते, बाबा. पण त्याच्या मराठीला नावं ठेवू नका हं."

ही दैनंदिनी या कामापुरती आहे. डोळ्यांनी पाहीन तेवढेच लिहीन. ऐकीव गोष्टींनी मजकूर नासतो, हा माझा अनुभव आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर. कार्तिक शुद्ध नवमी.

सकाळी ठीक सात वाजता जकातघरापाशी पोहोचलो. सगुणेचा नवरा धर्मा पायरीवर विडी ओढीत बसला होता. वय पन्नाशीचे, अंग काळे-कणखर. उठला नाही. "या मास्तर," म्हणाला.

"मी मास्तर नव्हे. मुद्रितशोधक होतो."

"म्हंजे काय करायचे?"

"छापण्यापूर्वी चुका काढीत असे."

"मंग मास्तरच की!"

पायऱ्या अकरा आहेत. मी दोनदा मोजल्या. तळाशी पाणी नाही. काळा चिखल, मधून हातभर रुंदीची गढूळ धार, आणि चिखलात खेकड्यांची बिळे. धर्मा सांगतो की या पायऱ्यांपर्यंत त्याची होडी येते. मी म्हणालो, "दाखव."

"आज कशी दावू? आज नवमी. पान्याला वढ नाय."

"मग ओढ केव्हा असते?"

"उधानाला. पुनवेला, अवसेला, आनि म्होरले दोन-तीन दिस."

"तर मग पौर्णिमेला भेटू."

"तवा मी कसा येनार? तवा माजा धंदा असतो. आज बसून हाय म्हनून आलो."

पुरावा आहे, परंतु ज्या दिवशी तो दाखवता येईल, त्या दिवशी साक्षीदार हजर राहू शकत नाही. असली विधाने मी अनेक लेखकांच्या हस्तलिखितांत पाहिली आहेत.

पुलाच्या खाली, खाडीच्या बाजूस तिवरांची झाडी आहे. तिकडे वळताच त्याने माझा दंड धरून मला बांधावर ओढले. "तिकरं नाय. गाळ खोल हाय." गाळ सर्वत्र आहे. मग तेथेच का नाही?

मंगळवार, २५ नोव्हेंबर. कार्तिक वद्य नवमी.

दुसरी फेरी. मध्यंतरी मी विमलेकरवी तीन वेळा निरोप पाठवला. तीनही वेळा "अष्टमी-नवमीला या" हेच उत्तर आले. पंधरा दिवसांतून नेमके दोनच दिवस मोकळा असणारा मनुष्य उरलेले दिवस काय करतो, हे विचारणे भाग आहे. मासे धरतो, असे तो म्हणतो. मासे काय तिथी पाहून येतात?

आज कमानीच्या खांबांवर छातीच्या उंचीपर्यंत हिरवे शेवाळ दिसले. ताजे, ओलसर. वरच्या वस्तीचे सांडपाणी येथून जात असावे, अशी मी नोंद केली. धर्मा हसला. "गटाराचं पानी खारट असतं काय, मास्तर? चाटून बगा."

मी अर्थातच चाटून पाहिले नाही.

निघताना त्याने तिवराच्या काडीने बांधलेल्या चार चिंबोऱ्या माझ्यापुढे धरल्या. खेकडे मला फार आवडतात. तरीही घेतले नाहीत. आज चिंबोरी घेतली की उद्या तो सांगेल ते लिहावे लागेल.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. कार्तिक वद्य द्वादशी.

आज एक सुखद ओळख झाली. श्री. चंद्रप्रकाश मांजरेकर नावाचे चाळिशीचे गृहस्थ भेटण्यास आले. ते कोण्या 'इतिहासप्रेमी नागरिक मंडळा'चे चिटणीस आहेत. आल्याबरोबर वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आपण खारबंदरच्या कालव्याचा अभ्यास करीत आहात, असे ऐकले. आपल्या कार्यास आमच्या मंडळाचा काही हातभार लागला, तर आम्ही ते आमचे भाग्य समजू."

इतके स्वच्छ, सरळ, कर्ता-क्रियापदाचा मेळ राखून बोललेले वाक्य या उपनगरात मी गेल्या दहा वर्षांत ऐकलेले नाही. माझ्या चिरंजीवाला, नंदूला, असे एक वाक्य सलग बोलता येत नाही. त्याचे सगळे 'झकास' आणि 'वाट लागली' यांत संपते.

मांजरेकरांनी माझा हाताने काढलेला नकाशा बराच वेळ पाहिला. कालव्याची रुंदी मी कशी मोजली, दोन्ही बाजूंचे बांध शाबूत आहेत काय, ट्रक जाईल एवढा रस्ता कोठपर्यंत आहे, असे नेमके प्रश्न विचारले. अभ्यासू माणसाचे हे लक्षण आहे. नकाशाचा छपाईसाठी ठसा करून आणतो, असे सांगून ते तो घेऊन गेले.

ते गेल्यावर विमला म्हणाली, "बाबा, तो माणूस कोपऱ्यावर जीप उभी करून चालत आला. दारात का नाही आणली?"

तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसते.

मंगळवार, ९ डिसेंबर. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी.

तिसरी फेरी. आज निर्णायक वस्तू हाती लागली.

जकातघराच्या खालून पाचव्या पायरीजवळ दगडात लोखंडी कडी आहे. मचवे बांधण्यासाठी ती शंभर वर्षांपूर्वी बसवली असणार. त्या कडीत नवीन दोर बांधलेला होता. पायरीवर माशांचे वाळलेले खवले पडले होते. कोरड्या कालव्यात दोर कशाला? माल आणून ठेवण्याची ही जागा आहे, हे उघड दिसते. मासे वरवर दाखवायला; खाली दुसरे काही. तिवरांत हातभट्ट्या लागतात, हे वर्तमानपत्रांत नेहमी येते. आता त्या झाडीकडे जाऊ न देण्याचे कारण कळले.

मी सरळ विचारले, "हा दोर कोणाचा?"

"माजा."

"येथे काय बांधतोस?"

"होडी. दुसरं काय बांदनार, म्हस?"

त्याने माझ्या डोळ्यांत पाहून उत्तर दिले. सराईत माणसे असेच पाहतात.

पौर्णिमा सोळा तारखेस आहे. त्याला न सांगता एकटाच जाणार आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर. मार्गशीर्ष पौर्णिमा.

गेलो. सात वाजता पुलापाशी होतो. माझा शिरस्ता सातचाच आहे: अकराला घरी, साडेअकराला जेवण, बारा ते तीन निद्रा. तो मी सेवानिवृत्तीपासून एक दिवसही मोडलेला नाही.

पौर्णिमा असूनही कालवा कोरडा ठणठणीत होता. किंबहुना आजवर पाहिला त्याहून अधिक कोरडा: मधली धारही आटलेली, खाडीकडचा चिखल दूरवर उघडा. म्हणजे धर्मा धडधडीत खोटे बोलत होता. त्याची होडीही कोठे दिसली नाही. तो पसार होता.

हातभट्टीचा शोध घ्यावा म्हणून पुलाखालून तिवरांकडे वळलो आणि दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. मुळे धरून कसाबसा बाहेर आलो. परंतु उजवा बूट आतच राहिला. काठी खुपसून पाहिली, लागला नाही. एका पायात बूट आणि एका पायात चिखल अशा स्थितीत पंतनगरापर्यंत आलो. नंदू कामावर निघाला होता. म्हणाला, "बाबा, यार, काय हे! सांगून जायचं ना."

बापाला 'यार' म्हणणाऱ्या मुलाशी मी वाद घालीत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर. मार्गशीर्ष वद्य द्वितीया.

लेख पूर्ण केला. चारच्या सुमारास मांजरेकर आले. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "यात केवळ एका गोष्टीची उणीव भासते. कालव्याच्या सद्यःस्थितीविषयी आपल्यासारख्या साक्षेपी अभ्यासकाचे एक निःसंदिग्ध वाक्य असावे."

मी तेथेच लिहिले: 'प्रस्तुत लेखकाने चार वेळा, त्यांपैकी एकदा ऐन पौर्णिमेस, समक्ष पाहणी केली असून हा कालवा आता मृत आहे, त्यात भरतीचे पाणी येत नाही.'

"अप्रतिम," ते म्हणाले. "एक शब्द काढता येणार नाही की घालता येणार नाही." मंडळाच्या दप्तरासाठी तेच वाक्य त्यांनी वेगळ्या कोऱ्या कागदावर लिहून घेतले आणि खाली माझी स्वाक्षरी घेतली. लेखाची प्रत भाऊरावांकडे छपाईस गेली.

बुधवार, २४ डिसेंबर. मार्गशीर्ष वद्य अष्टमी.

शेवटची फेरी. जाणार नव्हतो, परंतु धर्माचा निरोप आला की, "मास्तरांना म्हनावं, वस्तू घेऊन जा."

वस्तू म्हणजे माझा बूट. धुऊन, वाळवून, जकातघराच्या भिंतीवर ठेवला होता.

"कोठे सापडला?"

"हितंच. चवथ्या पायरीवर."

मी बूट गमावला पुलाखाली. तेथून पायऱ्या दीडशे पावले वर आहेत. चिखलात रुतलेला बूट दीडशे पावले चालत येत नाही आणि चार पायऱ्या चढत नाही. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी माझ्या मागावर होते, त्यानेच तो उपसून काढला, आणि आता मला जाणवून देत आहे की आमची तुझ्यावर नजर आहे. मी बूट घेतला; आभार मानले नाहीत.

मग तो म्हणाला, "मास्तर, यक सांगू? तो गोरा मानूस, चस्म्याचा, तुमच्याकरं येतो ना? तो परवा पट्टी घेऊन आयलेला. बांध मोजत व्हता. संगती ट्रकवाला व्हता. त्याला काय लिवून देऊ नका."

"ते मंडळाचे चिटणीस आहेत."

"कनचा मंडल?"

"तुला कळणार नाही."

"मना नाय कलत," तो म्हणाला, आणि विडी विझवून कानावर ठेवली. "पन पट्टी कलते."

मत्सर माणसाला काय बोलायला लावील, सांगता येत नाही.

मंगळवार, १३ जानेवारी १९८७. पौष शुद्ध त्रयोदशी.

विमला सकाळी दूध घेऊन आली ती धावतच. "बाबा, तुमचं नाव छापून आलंय! मिठागराच्या रस्त्यावर नोटीस लावलीय, खांबाखांबावर."

मी चष्मा घेऊन गेलो. जाताना छाती भरून आली होती, हे लपवत नाही. नोटीस मोठ्या अक्षरात होती. कोण्या बांधकाम कंपनीने कालव्याच्या जागेत भराव टाकून इमारती बांधण्याची परवानगी मागितली होती. हरकती एकोणीस तारखेपर्यंत मागवल्या होत्या. बावीस तारखेस सकाळी साडेनऊ वाजता अधिकारी स्थळपाहणी करणार होते. खाली कारण दिले होते: 'ज्येष्ठ अभ्यासक श्री. गुणाजी तळवडेकर यांच्या समक्ष पाहणीनुसार हा कालवा आता मृत आहे. त्यात भरतीचे पाणी येत नाही.' अर्जदार कंपनीतर्फे सही: चं. मांजरेकर.

सवयीने मी प्रथम छपाईच्या चुका शोधल्या. एकही नव्हती.

घरी येऊन बसलो. माझ्या परवानगीविना माझे वाक्य वापरले, ही लबाडी आहे, यात संशय नाही. परंतु वाक्य खोटे आहे काय? मी स्वतः पाहिले आहे. एका लबाडाने उच्चारल्यामुळे खरे वाक्य खोटे ठरत नाही. दिवसभर हेच मनाशी म्हणत राहिलो. पुन्हा पुन्हा का म्हणावे लागले, ते समजत नाही.

बुधवार, १४ जानेवारी. पौष शुद्ध चतुर्दशी. संक्रांत.

सगुणा नेहमीप्रमाणे पाटी घेऊन आली. विमलेने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने तो पदराला बांधला आणि सरळ आत येऊन माझ्यापुढे उभी राहिली. आजवर ती कधी उंबरठ्याच्या आत आलेली नव्हती.

"बाबा, तुमी लिवलाव, पानी नाय येत?"

"मी पाहिले ते लिहिले."

"कंदी बगितलाव?"

"चार अष्टम्या-नवम्यांना. शिवाय पौर्णिमेला एकदा."

"पुनवेला किती वाजता?"

"सकाळी सात."

ती मटकन जमिनीवरच बसली. "अरे देवा! पुनवेला सकालच्या पारी पानी असतं व्हय? तवा तं समिंदर पार तिकरं जातो. दुपारी भरतो तो, बारा-येकला. तवा कुठं होता तुमी?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"बाबा ना, बारा ते तीन झोपतात," विमला हळूच म्हणाली.

सगुणा हसली नाही. "आमच्या जाल्याला पान्याची वढ लागते. वढीनं मासली जाल्यात येते. अष्टमीला वढ नाय, म्हनून मानूस घरी. म्हनून तुमच्याबरुबर फिरला. तुमाला वाटलं, पानीच नाय." तिने पाटी उचलली. "खाडीच्या तोंडाच्या बंदराला आता गाल भरलाय, होडी लागत नाय. कालव्यातनंच येते ती पायरीला. कालवा बुजवला तं म्हावरा उतरवनार कुठं? तुमच्या गच्चीवर?"

शुक्रवार, १६ जानेवारी. पौष वद्य प्रतिपदा.

कोणाला न सांगता गेलो. साडेअकराला, जेवण न करता. मनात अजूनही असे होते की या बाईला खोटे ठरवावे.

सर्वांत खालच्या पायरीवर बसलो. समोर तोच काळा चिखल आणि तीच बिळे. पंधरा मिनिटे काही झाले नाही. मग बिळांतून बुडबुडे येऊ लागले. एकामागून एक खेकडे आत गेले. पुलाच्या बाजूने मातकट पाण्याची एक जीभ आली, आवाज न करता, काडीकचरा पुढे ढकलीत. मी पाय वर घेतले. थोड्या वेळाने एक पायरी वर सरकलो. मग आणखी एक. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी पाणी चौथ्या पायरीवर होते, आणि कालवा काठोकाठ रुंद, जड, चालता झाला होता. कमानीच्या खांबांवरच्या शेवाळाची रेघ जेथे संपते, नेमके तेथे पाणी थांबले. मी बोट बुडवून जिभेला लावले. खारट.

चौथी पायरी. माझा बूट चौथ्या पायरीवर सापडला होता.

कमानीखालून होडी आली. पुढे ओल्या जाळ्यांचा ढीग, मागे वल्ह्यावर धर्मा. मला पाहून त्याने वल्हे थांबवले.

"काय मास्तर! आज निजला नाय?"

तो पायरीला लागला, माझ्या हातात दोर दिला आणि म्हणाला, "धरा. कडीत बांदा." मी बांधला, गाठ चुकली. त्याने ती सोडवून पुन्हा घातली.

"तो बूट," मी म्हणालो, "पाण्याने आणला."

"मंग काय मी आनला? मी उचलला फकस्त."

सात वर्षांचा होईपर्यंत मी कोकणात होतो. माझी आई मीठ-भाकर बांधून अमावास्येच्या दुपारी बायकांबरोबर खाडीवर होड्यांची मासळी उतरवायला जाई. अष्टमीला कधी गेली नाही. हे मला ठाऊक होते. मुंबईत आल्यावर आईची बोली जिभेवरून खरवडून काढली, तेव्हा तिच्याबरोबर हेही गेले असावे.

आणखी एक गोष्ट. बावीस तारखेची पाहणी, वेळ सकाळी साडेनऊ. घरी येऊन पंचांग उघडले. पौष वद्य अष्टमी! मांजरेकरांना सर्व काही आधीपासून माहीत होते. दोन महिने मी संशय घेत होतो. तो रास्त ठिकाणी आज प्रथमच पोहोचला.

सोमवार, १९ जानेवारी. पौष वद्य पंचमी.

हरकतीचा शेवटचा दिवस. कचेरीत साडेतीन तास बसलो. अधिकारी तरुण आहेत, कामाने त्रासलेले. मी दोन अर्ज दिले: एक, माझे विधान मागे घेतल्याचा, दुसरा, पाहणी तीस तारखेस दुपारी साडेबारा वाजता ठेवण्याविषयीचा.

"आजोबा, तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच मागे घेता. आणि दुपारी साडेबाराच का?"

"तीस तारखेस माघ शुद्ध प्रतिपदा आहे."

"पंचांग बघून सरकारी पाहणी होत नाही."

"पाहणी होत नसेल," मी म्हणालो. "भरती होते."

त्यांनी मान वर करून प्रथमच माझ्याकडे पाहिले. मग विचारले, "तुमचं विधान चुकलं, असं तुम्ही लेखी देताय. उद्या पेपरात तुमचं हसं होईल, चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. त्यांनी तारीख बदलली.

रात्री जेवताना नंदूला सर्व सांगितले. त्याने ताट बाजूला सारले. मग म्हणाला, "झकास केलंत, बाबा." मी तो शब्द दुरुस्त केला नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी. माघ शुद्ध प्रतिपदा.

भाऊरावांनी प्रकाशन आणि फेरी दोन्ही आजच्या तारखेवर ढकलली होती. वाचनालयाचे तेवीस सभासद, विमला, खारबंदरची पन्नासेक माणसे, अधिकारी, त्यांचे दोन मोजणीदार. मांजरेकरही आले होते. पांढरा सदरा, तोच वाकून नमस्कार. मी तो घेतला नाही.

धर्मा नव्हता. तो समुद्रात होता. उधाण होते.

बारा वाजता चिखल होता. मांजरेकर घड्याळ पाहून अधिकाऱ्यांना म्हणाले, "आदरणीय तळवडेकरांचे वय लक्षात घेता, त्यांच्या आजच्या विधानापेक्षा पूर्वीचे, शांत चित्ताने केलेले विधान ग्राह्य मानणे अधिक न्याय्य ठरेल."

मी सवयीने त्या वाक्यात चूक शोधली. सापडली नाही. निर्दोष वाक्याची मला आज पहिल्यांदा भीती वाटली.

अधिकारी सातव्या पायरीवर उभे होते. थोड्याच वेळात बुडबुडे आले. सगुणा माझ्या शेजारी पदर खोचून उभी होती; तिने माझा कोपर दाबला. पाणी आले. पहिली पायरी गेली, दुसरी गेली. मोजणीदार पट्टी धरून वर सरकू लागले. गर्दीतील एक म्हातारी कोळीण ओरडली, "सायबा, वर ये, बूट भिजंल! त्या मास्तराचा गेलता तसा जाईल!" सगळे हसले. मीही.

पावणेएकला कमानीखालून धर्माची होडी आली. मागून आणखी चार. मासळीच्या पाट्या हातोहात पायऱ्यांवर चढल्या. कोणाला कोणाशी बोलायला वेळ नव्हता.

अधिकाऱ्यांनी कागद काढला. "हे वाक्य आपलंच ना?"

"माझेच. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. ते खोटे आहे."

त्यांनी माझ्यासमोर लिहिले की, जकातघराच्या चौथ्या पायरीपर्यंत भरतीचे पाणी समक्ष पाहिले; अंतिम निर्णय होईपर्यंत भराव टाकू नये. अंतिम निर्णय काय होईल, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही. मी मागे वळलो तेव्हा मांजरेकर निघून गेले होते. या खेपेस जीप जवळच उभी होती.

धर्माने चार चिंबोऱ्या पुढे धरल्या. मी दोन्ही हातांनी घेतल्या. "मोठी नांगी जपून धरा, मास्तर. ती चुका काढते," तो म्हणाला.

स्मरणिका छापून तयार होती आणि माझा लेख त्यात जसाच्या तसा होता. तीनशे प्रती. म्हणून प्रती वाटण्यापूर्वी, सायंकाळी, विमलेने पिठाची खळ केली आणि आम्ही दोघांनी, नंतर नंदूनेही, प्रत्येक प्रतीत बारावे पान उघडून एकेक चिठ्ठी चिकटवली. भाऊराव चिठ्ठी वाचून म्हणाले, "तळवडेकर, एवढं कशाला? 'पाणी येते' एवढं पुरे होतं." मी त्यांना सांगितले की बेचाळीस वर्षांत मी लेखकांकडून एकही अर्धवट शुद्धिपत्र स्वीकारलेले नाही.

चिठ्ठीचा मजकूर येथे उतरवून ठेवतो.

शुद्धिपत्र. पृष्ठ १२, शेवटची ओळ: 'त्यात भरतीचे पाणी येत नाही' याऐवजी 'त्यात भरतीचे पाणी येते, त्या वेळी लेखक घरी निजलेला असतो' असे वाचावे.